पावडरचा डबा उघडण्यापूर्वी

मागच्या उन्हाळ्यात नांदुरा तालुक्यातल्या एका घरी आमचे जाणे झाले. घरात लगबग चालली होती. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. दुपारचे बारा वाजलेले, वर पत्रे तापलेले, पंखा नुसती गरम हवा फेकत होता. खाला मुलीला समोर बसवून तिच्या चेहऱ्यावर पावडर लावत होत्या. एक थर झाला, दुसरा झाला. तेवढ्यात आतून अम्मींचा आवाज आला, "अजून थोडी लाव गं, उजळ दिसली पाहिजे."

पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर घामाने पावडरचे ओघळ झाले होते. कपाळ राखाडी, नाकाच्या कडेला पांढऱ्या रेघा आणि मान मात्र मूळच्या सावळ्या रंगाची. मुलगी दिसायला खरोखर छान आहे; पण त्या दिवशी तिचा चेहरा आजारी माणसासारखा वाटत होता. पाहुणे उठून गेले आणि तिने सर्वांत आधी काय केले असेल, तर मोरीत जाऊन तोंड धुतले.

भगिनींनो, तेव्हापासून हा विषय आमच्या मनात घोळतो आहे. पावडर ही आपल्या घरातली स्वस्त आणि जुनी वस्तू. ईद असो, निकाह असो की शाळेचे स्नेहसंमेलन, डबा उघडला जातोच. पण आपल्या त्वचेला कोणती पावडर चालते, ती किती आणि कशी लावायची, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. मुख्य म्हणजे पावडर कशासाठी असते, याचाच विसर पडलेला आहे. पावडरचे काम घाम आणि तेल टिपण्याचे. रंग बदलणे हे तिचे काम नाही. ते काम तिच्याकडून करून घ्यायला गेलो की चेहरा बिघडतो. आणि पावडरने भागत नाही म्हणून पुढची पायरी चढलो की प्रकृतीही बिघडते. त्या पायरीबद्दल आम्ही शेवटी बोलणार आहोत. आधी साध्या गोष्टी.

स्नो-पावडरचा काळ

आपल्या नानी-दादींच्या तोंडी 'स्नो-पावडर' असा जोडशब्द असायचा. आधी स्नो चोळायचा, मग वरून पावडर. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' बाजारात आणला. आपल्या देशात तयार झालेले ते सुरुवातीचे गाजलेले सौंदर्यप्रसाधन. त्या निळ्या-पांढऱ्या नावाची आठवण अनेक घरांत अजून निघते. स्नो त्वचेत मुरून जाई आणि मागे एक पातळ, किंचित चिकट पापुद्रा राही. त्यावर पावडर नीट बसे. म्हणजे आधी ओलावा आणि मग पावडर, हा क्रम त्या बायकांना बरोबर ठाऊक होता. आज आपण कोरड्या किंवा घामेजलेल्या चेहऱ्यावर थेट पावडर थापतो आणि ती टिकत नाही म्हणून आणखी थापतो.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्याचे हवामान एकसारखे नाही. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे निघाले की अर्ध्या तासात हवा बदलते. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या घाटाखालच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा भागात उन्हाळा तुलनेने सौम्य. पण हिवाळ्यात थंडीने गाल फुटतात. त्यामुळे बुलढाण्याच्या मावशीला जी पावडर छान बसते, ती शेगावच्या भाचीला बसेलच असे नाही. एकाच बाईला डिसेंबरात आणि मे महिन्यात वेगवेगळी पद्धत ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आपल्याला नवा नाही. खाऱ्या आणि जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण साबण जास्त चोळतो. साबणाचा अंश त्वचेवर राहतो, त्वचा ताणल्यासारखी होते, बारीक कोंडा सुटतो. अशा चेहऱ्यावर लावलेली पावडर त्या कोंड्याला धरून बसते आणि ठिपके ठिपके दिसतात. दोष पावडरचा नसतो, आधीच्या धुण्याचा असतो.

याचे कारण सोपे आहे. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो, साबण अल्कधर्मी. लोणारच्या सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी आहे आणि तिथले क्षार साबण व काच करण्यास उपयोगी असल्याचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'तही आहे. जे क्षार कपड्याचे तेल काढतात, ते चेहऱ्याचेही काढतात. म्हणून अंगाचा किंवा कपड्याचा साबण तोंडाला लावू नये. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. एरवी नुसते पाणी. पट्ट्यात राहणाऱ्या घरांनी शेवटचा एक तांब्या पिण्याच्या गोड्या पाण्याचा घेतला, तरी फरक जाणवतो.

आपली त्वचा कोणती?

यासाठी पार्लरची गरज नाही. सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. मग पातळ टिश्यू पेपर कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांवर हलका दाबा.

कागद सगळीकडे तेलकट झाला, तर त्वचा तेलकट. कुठेच डाग नाही आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो, तर कोरडी. कपाळ-नाक-हनुवटीवर तेल आणि गाल कोरडे, तर मिश्र. आपल्याकडे बहुतेक बायकांची अशीच असते, कारण तेलाच्या ग्रंथी या मधल्या पट्ट्यात जास्त असतात. कागदाचे काहीही असो, पण नवी वस्तू लावली की खाज, लाली किंवा जळजळ होत असेल, तर त्वचा नाजूक समजावी.

वयाप्रमाणेही फरक पडतो. चौदा-पंधराव्या वर्षी तेल वाढते, चाळिशीनंतर कमी होते. मुलीची डबी अम्मीला आणि अम्मीची मुलीला, असे चालत नाही.

डबीत असते तरी काय?

बहुतेक पावडरचा पाया टाल्क, म्हणजे आपले शंखजिरे. हे खनिज इतके मऊ असते की नखानेही ओरखडा पडतो. आपल्या देशात ते मुख्यतः राजस्थानात निघते. टाल्क त्वचेवर सरकते आणि ओलावा थोडा टिपते. त्याशिवाय केओलिन ही पांढरी माती आणि सिलिका तेल शोषतात. मक्याचे किंवा तांदळाचे सत्त्व घाम शोषते. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड चेहऱ्याचे डाग झाकतात, पण पांढरेपणाही तेच देतात. लोहाचे ऑक्साइड पिवळसर, तांबूस, तपकिरी छटा देतात. अभ्रक चमक देते. शिवाय सुगंध असतोच.

बाजारात तीन प्रकार दिसतील. पहिली अंगाची टाल्कम पावडर. ती चेहऱ्यासाठी नसते. तिच्यात सुगंध जास्त आणि छटा एकच, पांढरी. दुसरी चेहऱ्याची सुटी पावडर. बारीक दळलेली, रंगीत किंवा पारदर्शक. तिसरी कॉम्पॅक्ट, म्हणजे दाबून वडी केलेली. तिच्यात वडी धरून ठेवण्यासाठी थोडे तेलकट किंवा मेणासारखे घटक असतात, म्हणून ती जास्त झाकते आणि पर्समध्ये सांडत नाही.

आपल्या वाचक भगिनी घटकांबद्दलही विचारतात. कार्माइन हा लाल रंग एका किड्यापासून काढतात. स्टिअरेट नावाचे घटक प्राण्यांच्या चरबीपासून किंवा वनस्पती तेलापासून, दोन्ही प्रकारे तयार होतात. ज्यांना खात्री हवी त्यांनी घटकांची यादी वाचावी, कंपनीला विचारावे आणि शंका उरली तर आपल्या भागातल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

कोणत्या त्वचेला कोणती?

तेलकट त्वचा : सुटी, मॅट पावडर घ्यावी, घटकांत सिलिका किंवा केओलिन असावे. चमकवाली टाळावी, ती तेलात मिसळली की चेहरा आणखी तेलकट दिसतो. लावण्याआधी टिश्यूने किंवा स्वच्छ सुती रुमालाने तेल टिपून घ्यावे. दुपारी पुन्हा लावताना आधी टिपणे, मग पावडर. तेलावर पावडर चढवत गेलो की तिचा लगदा होतो.

कोरडी त्वचा : आधी मॉइश्चरायझर, मग दहा मिनिटे थांबावे. पावडर अगदी बारीक दळलेली आणि फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर. गालांवर नाही लावली तरी चालते. हिवाळ्यात घाटावरच्या बायकांनी महिनाभर पावडरला सुट्टी दिली तर त्वचा दुवाच देईल.

मिश्र त्वचा : मधल्या पट्ट्यावर पावडर, गालांवर मॉइश्चरायझर. सगळीकडे सारखा थर देण्याची सवयच मोडायला हवी.

मुरुमांची त्वचा : मुरूम झाकण्यासाठी जाड कॉम्पॅक्ट लावला जातो, तो स्पंजने रोज त्याच जागी दाबला जातो आणि स्पंज महिनोन्महिने धुतला जात नाही. स्पंज आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. तो बहिणी-बहिणींनी वाटून वापरू नये. डबीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिले आहे का पाहावे. म्हणजे रंध्रे बुजणार नाहीत अशा बेताने केलेली. मुरूम सुजलेले किंवा पू भरलेले असतील तर पावडर नको, त्वचारोगतज्ज्ञ हवेत.

नाजूक त्वचा : सुगंध हे त्वचेच्या ॲलर्जीचे नेहमीचे कारण. बिनवासाची पावडर घ्यावी. नवी पावडर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी लावून आठवडाभर पाहावी. खाज-लाली आली नाही तरच चेहऱ्यावर.

चाळिशीनंतरची त्वचा : पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते आणि त्या ठळक दिसतात. डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला लावूच नये. मोठ्या मऊ ब्रशने हलका हात पुरे.

छटा कशी निवडावी?

इथेच सर्वांत मोठी चूक होते. दुकानात गेल्यावर आपण हाताच्या पंजावर पावडर लावून बघतो. पंजाचा आणि चेहऱ्याचा रंग वेगळा असतो. जबड्याच्या कडेला, म्हणजे जिथे चेहरा संपून मान सुरू होते तिथे, थोडी लावा आणि दुकानाच्या दाराशी येऊन उजेडात आरशात पाहा. जी पावडर लावलेली कळतच नाही, ती तुमची. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका.

निकाबमध्ये असाल तर दुकानात चेहरा उघडून बघणे अवघड. अशा वेळी छोटी डबी घ्यावी, घरी खिडकीशी बघावे; किंवा जिची छटा जुळली आहे अशा बहिणीची पावडर चिमूटभर घेऊन तपासावी.

आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या रंगांत बहुधा पिवळसर झाक असते. म्हणून गुलाबी छटेपेक्षा पिवळसर-गव्हाळ छटा जास्त मिसळून जातात. सावळ्या रंगावर पांढरी पावडर बसली की गोरेपणा येत नाही, राख फासल्यासारखा रंग येतो. एक छटा 'वरची' घेण्याचा सल्ला दुकानदार देतात, खालाही देतात. तो ऐकू नये. चेहरा आणि मान दोन वेगळ्या माणसांची वाटू लागली, तर लोकांचे लक्ष चेहऱ्याकडे जात नाही, पावडरकडे जाते.

लावण्याची रीत

चेहरा धुवा, टिपा. मॉइश्चरायझर, आणि दिवसा उन्हात जायचे असेल तर सनस्क्रीन. दहा मिनिटे थांबा. पफवर किंवा ब्रशवर थोडी पावडर घ्या आणि झटकून जास्तीची काढून टाका. पफ असेल तर दाबत दाबत लावा, घासू नका. सुरुवात नाकापासून, मग कपाळ, हनुवटी, उरलेली गालांवर. शेवटी कोरड्या ब्रशने वरून खाली हात फिरवा, म्हणजे चेहऱ्यावरची बारीक लव बसते. मानेवर उरलेला हात फिरवायला विसरू नका. श्वास रोखून धरा. पावडर नाकात जाण्याची गोष्ट नाही.

वुजूचा प्रश्न आपल्या घरांत रोजचा. नुसती पावडर पाण्याने निघून जाते. पण जाड फाउंडेशन किंवा वॉटरप्रूफ मेकअप त्वचेवर थर धरून बसतो. पाणी त्वचेपर्यंत पोहोचले पाहिजे, तेव्हा असा मेकअप वुजूपूर्वी काढून टाकायला हवा. वुजूनंतर ओल्या चेहऱ्यावर घाईने पावडर लावली की तिच्या गुठळ्या होतात. चेहरा टिपावा, नमाज होऊ द्यावी, मग गरज वाटली तरच लावावी. दिवसातून अनेकदा पाणी लागणाऱ्या चेहऱ्याला साबण प्रत्येक वेळी लावण्याची गरज नाही. तसे केल्यास तेलकट त्वचाही कोरडी पडते.

उन्हाळ्यात बुरखा आणि निकाबच्या आत घाम जास्त येतो. कापड गालांवर, नाकावर घासते. तिथे जाड पावडर असेल तर घाम, पावडर आणि घर्षण मिळून घामोळ्या, पुरळ येते. बाहेर जाताना पावडर अगदी कमी, निकाब सुती आणि रोज धुतलेला. पोहोचल्यावर घाम टिपून मग हलका हात फिरवावा. तसाच हा नियम रिश्त्याच्या बैठकीलाही लागू आहे: पाहुणे दाराशी आल्यावर दोन मिनिटांत लावलेली पावडर, दोन तास आधी लावलेल्यापेक्षा कधीही चांगली.

निकाहाच्या दिवशी फोटोंसाठी आणखी एक काळजी. काही पांढऱ्या, सिलिकाच्या पावडर साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे डाग उमटतात. आदल्या दिवशी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघावा. रात्री कितीही थकवा असला तरी चेहरा धुऊनच झोपावे.

बाळाच्या चेहऱ्यावर नको

आंघोळीनंतर बाळाला पावडरने पांढरे करण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत सोडून दिलेली बरी. पावडरचे बारीक कण बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकतात आणि श्वासाचा त्रास होतो. बाळाला पुसून कोरडे ठेवणे पुरेसे असते. आणि डोळ्यांतल्या सुरम्याबद्दलही सावध राहा. पारंपरिक सुरम्यात शिसे असू शकते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

टाल्कबद्दल मोठ्यांसाठीही एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. याचा अर्थ चेहऱ्यावर थोडी पावडर लावली की कर्करोग होतो, असा नाही. पण गुप्तांगांवर आणि सॅनिटरी पॅडवर पावडर टाकण्याची सवय असेल तर ती बंद करावी, आणि चेहऱ्यावरही धुरळा उडेल इतकी पावडर वापरू नये.

डबी घेताना

जत्रेत, आठवडी बाजारात, उरूस-यात्रेच्या दुकानांत प्रसाधने मांडलेली असतात. बांगड्या, क्लिपा खुशाल घ्या. चेहऱ्याला लावायची वस्तू घेताना मात्र डबी उलटून वाचा. कायद्याने डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि केव्हापर्यंत वापरावी ती तारीख असायला हवी. बाहेर देशातून आलेली असेल तर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक. यातले काही नसेल, किंवा तारीख खोडून वर चिकटपट्टी लावलेली असेल, तर ती घेऊ नका. आखाती देशातून कुणी प्रेमाने आणलेल्या डबीलाही हाच नियम. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. दुकानदाराकडून बिल मागायला लाजू नका. बिल असेल तर तक्रारीला वजन येते.

पावडर पुरत नाही तेव्हा

आता त्या पुढच्या पायरीबद्दल. पावडरने रंग बदलत नाही, हे मुलीच्या ध्यानात येते. मग कुणीतरी 'खात्रीची' क्रीम सुचवते. आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळतो. घरात आनंद होतो. बहीण लावते, अम्मी लावते.

आपल्या शेजारच्या अकोल्यात हेच घडले. २०२२ मध्ये एका घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, किडनीचा विकार जडला. तिघीही एकच गोरेपणाची क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत हे प्रकरण गेले आणि तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत आजाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते.

पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया थांबवतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो त्वचेवर थांबत नाही. रक्तात उतरतो आणि किडनीच्या गाळणीला इजा करतो. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. हात, टॉवेल, उशी यांतून तो घरातल्या लेकरांपर्यंतही पोहोचतो. आपल्या कायद्याने प्रसाधनांत पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत राहिलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. तरीही बिनपत्त्याच्या डब्या विकल्या जातात.

आपल्या जिल्ह्याला किडनीचा आजार काय असतो हे वेगळे सांगायला नको. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाण गावांतली किडनी रुग्णांची व्यथा वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. डायलिसिससाठी गाड्या बदलत जाणारे लोक आपण पाहिलेत. जिथे पाण्यानेच धास्ती घातली आहे, तिथे चेहऱ्याच्या रंगासाठी आणखी विष पैसे देऊन घरात आणायचे का?

ओळखायचे कसे? डबीवर 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरिक' असे शब्द दिसले, किंवा 'सोने, चांदी, ॲल्युमिनियम यांना लागू देऊ नये' अशी सूचना असली, तर समजून जा. पारा चांदीला धरतो, हे खामगावच्या चांदीच्या कारागिरांना विचारा. पण शब्द नसले म्हणून पारा नाही असे होत नाही. म्हणूनच नाव-पत्ता-परवाना नसलेली क्रीम घ्यायचीच नाही. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, लघवीला खूप फेस, सतत थकवा ही लक्षणे दिसली तर क्रीम ताबडतोब बंद करा, डबी फेकू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवीची साधी तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. वेळेत थांबले तर बहुतेक रुग्ण सावरतात.

दुसरा धोका स्टिरॉइडच्या मलमांचा. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले 'मिश्र' मलम महिनोन्महिने लावले की त्वचा पातळ होते, लालसर होते, बारीक शिरा दिसतात, लव वाढते, पुरळ येते. रोजची साधी पावडरही झोंबू लागली, तर आधी हे मलम आठवा. ते असे अचानकही बंद करू नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करावे. गालांवर वांग असतील तर उन्हापासून बचाव हा पहिला उपाय, आणि औषध डॉक्टरांकडूनच.

शेवटी

'फेअर अँड लव्हली' या क्रीमचे नाव कंपनीने २०२० मध्ये बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. डबीवरचा शब्द गेला. रिश्त्याच्या बैठकीतला मात्र अजून गेलेला नाही. "मुलगी शिकलेली हवी, नमाजी हवी" आणि मग हळूच, "रंगाने उजळ असली तर बरे." हे वाक्य बोलणाऱ्याही आपणच असतो, मुलांच्या आया आणि फुफू. मुलीच्या हातात पाऱ्याची डबी कुणी मुद्दाम देत नाही. हे एक वाक्य देते.

नांदुऱ्याच्या त्या मुलीला आम्ही परवा पुन्हा भेटलो. तो रिश्ता जुळला नव्हता. आता ती खामगावला नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. बस पकडायची घाई होती, तरी चहा करून दिला. नाकावर पावडरचा हलका हात होता, तिच्या मूळ रंगात मिसळून गेलेला. आम्हाला तो लक्षात आला कारण आम्ही हा लेख लिहीत होतो. अम्मी म्हणाल्या, "आता ती माझ्या हातची पावडर लावूनच घेत नाही." आणि हसल्या.

भगिनींनो, पावडरचा डबा जरूर ठेवा. त्याच्याकडून घाम टिपण्याचे काम घ्या. मुलीचा रंग अल्लाहने दिलेला आहे. तो झाकण्याची जबाबदारी त्या डब्यावर टाकू नका.